गुरूचे चार चंद्र आणि ठावठिकाण्याचा शोध

नासाचं 'युरोपा क्लिपर' १४ ऑक्टोबर २०२४ ला निघालं. ते एप्रिल २०३० मध्ये गुरूपाशी पोहोचायचं आहे. युरोपीय अवकाश संस्थेचं 'जूस' त्याच्या दीड वर्ष आधी सुटलं, पण लांबच्या वाटेने जात असल्यामुळे पोहोचणार जुलै २०३१ मध्ये. दोन्ही यानांना खरा रस आहे तो गुरूच्या चंद्रांत. या चंद्रांबद्दल जे कळलं आहे त्यातलं बरंचसं, गंमत म्हणजे, भलतंच काही शोधताना हाती लागलं. आणि ते भलतंच म्हणजे बहुधा 'आपण नेमके कुठे आहोत' हा साधा प्रश्न.

७ जानेवारी १६१० च्या रात्री पादुआमध्ये गॅलिलिओला गुरूशेजारी तीन ठिपके दिसले. आधी त्याला ते तारेच वाटले. पण ते रोज जागा बदलत होते, आणि आठवडाभरात चौथाही दिसला. सगळं विश्व पृथ्वीभोवती फिरतं या समजुतीला इथे तडा गेला, हे शाळेत सगळेच शिकतात. पुढची हकिगत मात्र सहसा सांगितली जात नाही.

हे चंद्र ठरल्या वेळी गुरूच्या सावलीत शिरतात आणि बाहेर येतात. या चौघांतला सर्वांत आतला आयो साडेबेचाळीस तासांत एक फेरी पुरी करतो. त्याचं ग्रहण सगळीकडून एकाच क्षणी दिसतं. मग दोन गावांतल्या लोकांनी आपापली स्थानिक वेळ टिपली, तर त्या वेळांतल्या फरकावरून रेखांश निघतात. एक तास म्हणजे १५ अंश. हलत्या जहाजावर दुर्बीण स्थिर राहीना, त्यामुळे समुद्रावर हे जमलं नाही. जमिनीवर मात्र छान जमलं. पॅरिसच्या कासिनी या ज्योतिर्विदाने ग्रहणांची वेळापत्रकं तयार केली आणि फ्रान्सचा नकाशाच नव्याने काढला गेला.

वेळापत्रक असलं की उशीर लक्षात येतो. पृथ्वी गुरूपासून दूर जात असली की आयो मागे पडायचा. ओले रोमर या डॅनिश ज्योतिर्विदाने १६७६ मध्ये आधीच सांगून ठेवलं, की ९ नोव्हेंबरला आयो सावलीतून दहा मिनिटं उशिरा बाहेर येईल. तसंच झालं. आयो वेळेवरच होता. उशीर त्याच्या प्रकाशाला लागत होता. प्रकाशाला वेग असतो, तो क्षणात पोहोचत नाही, हे पहिल्यांदा असं कळलं. पृथ्वीच्या कक्षेचा व्यास ओलांडायला प्रकाशाला २२ मिनिटं लागतात असा रोमरचा अंदाज होता. खरा आकडा साधारण १६ मिनिटं ४० सेकंद. त्या काळची घड्याळं पाहता हा अंदाज मला तरी थक्क करणाराच वाटतो. कासिनीला स्वतःला तो पटला नाही.

१९७२ चा एक भारतीय प्रसंगही इथे नोंदवायला हवा. ७ जून रोजी या चौघांतलाच एक चंद्र, गॅनिमिड, एका ताऱ्यासमोरून गेला. हे पिधान इंडोनेशियातून आणि तमिळनाडूतल्या कावलूरहून टिपलं गेलं, आणि ताऱ्याचा प्रकाश मावळण्याच्या तऱ्हेवरून गॅनिमिडला विरळ वातावरण असावं असं अनुमान निघालं. पुढे व्हॉयेजर यानाच्या मोजमापांत तेवढं वातावरण काही आढळलं नाही. नंतर हबल अवकाश दुर्बिणीला तिथे ऑक्सिजन सापडला, पण फारच विरळ.

आता १९७९. आयो, युरोपा आणि गॅनिमिड या तीन चंद्रांच्या फेऱ्यांच्या काळाचं प्रमाण जवळजवळ १:२:४ आहे. त्यामुळे शेजाऱ्यांची ओढ ठरावीक लयीत बसते आणि आयोची कक्षा कधीच पूर्ण गोल होत नाही. गुरूचं आकर्षण त्यामुळे कमीजास्त होत राहतं आणि आयो सतत ताणला-दाबला जातो. तार पुन्हा पुन्हा वाकवली की तापते, तसा तो आतून तापतो. पील, कॅसन आणि रेनॉल्ड्स या शास्त्रज्ञांनी हे गणित २ मार्च १९७९ ला छापलं. तीनच दिवसांनी व्हॉयेजर-१ गुरूजवळून गेलं.

८ मार्चला यानाने मागे वळून आयोचा एक फोटो घेतला. तो मुद्दाम जास्त उजळ ठेवला होता, कारण मागचे अंधुक तारे दिसायला हवे होते. त्यांच्यावरून यानाची जागा पक्की करायची होती. दुसऱ्या दिवशी तो तपासताना दिशादर्शन गटातल्या लिंडा मोराबितो यांना आयोच्या कडेवर छत्रीसारखा एक फिकट फुगवटा दिसला. तो ज्वालामुखीचा फवारा होता, जमिनीपासून अडीचशे किलोमीटरहून उंच. पृथ्वीबाहेरचा जिवंत ज्वालामुखी माणसाने पहिल्यांदा पाहिला तो असा, रस्ता तपासता तपासता.

हीच ओढाताण युरोपावर सौम्य आहे. तिथे बर्फाखाली खारा समुद्र असल्याची खूण 'गॅलिलिओ' यानाच्या चुंबकमापीने दिली. ते यान चुकून युरोपावर आदळून तिथे पृथ्वीवरचे जंतू पोहोचू नयेत, म्हणून २१ सप्टेंबर २००३ ला मुद्दाम गुरूत सोडून दिलं. क्लिपरही युरोपाभोवती घिरट्या घालणार नाही, कारण तिथला किरणोत्सार यंत्रांना फार काळ टिकू देणार नाही. ते गुरूभोवती फिरत युरोपाजवळून सुमारे ५० वेळा झपकन जाईल. जूस मात्र डिसेंबर २०३४ मध्ये गॅनिमिडच्या कक्षेत शिरायचं आहे. आपला चंद्र सोडला, तर दुसऱ्या कुठल्याही चंद्राभोवती यान फिरलेलं नाही.