व्हिसावरची शेवटची तारीख म्हणजे परतीची तारीख नव्हे

प्राध्यापकांसोबत दोन-तीन आठवड्यांच्या अभ्यासक्रमासाठी युरोपात निघालेल्या विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर एक समज वर्षानुवर्षं फिरतो: 'शेंगेन व्हिसावर जी शेवटची तारीख आहे, तोपर्यंत राहता येतं.' (शेंगेन म्हणजे युरोपातल्या अनेक देशांचा गट, जिथे एकच व्हिसा चालतो.) तारीख ठळक छापलेली असते, त्यामुळे असं वाटणं अगदी साहजिक आहे.

पण पासपोर्टमध्ये चिकटवलेल्या व्हिसाच्या स्टिकरवर दोन वेगळ्या गोष्टी असतात. 'पासून-पर्यंत' या तारखा म्हणजे व्हिसा वापरण्याची मुदत. किती दिवस राहायचं, ते मुक्कामाच्या दिवसांच्या रकान्यातला आकडा ठरवतो. 1 ते 20 जून असा अभ्यासक्रम असेल, तर प्रवास पुढे-मागे झाल्यास अडचण नको म्हणून मुदतीत साधारणपणे 15 दिवस जास्तीचे धरतात. म्हणून 'पर्यंत'समोर 5 जुलै दिसतं, मुक्कामाचे दिवस मात्र 20च.

दिवस मोजताना चूक होते ती टोकांना. पोहोचल्याचा आणि निघाल्याचा, दोन्ही दिवस पूर्ण धरले जातात. रात्री 11:50 ला सीमेवर प्रवेशाची नोंद झाली तरी तो एक दिवस गेला.

प्रवेशसंख्येचा रकानाही नक्की बघा. तिथे '01' असेल आणि शनिवार-रविवारी लंडनला गेलात, तर पॅरिसला परत येता येणार नाही. लंडन शेंगेनमध्ये नाही, त्याचा व्हिसाही वेगळा. स्वित्झर्लंड मात्र शेंगेनमध्येच आहे.

पासपोर्ट हातात आल्याआल्या परतीच्या तिकिटाशी हे आकडे ताडून बघा. चूक आढळली तर दुरुस्ती निघण्यापूर्वीच मागा. गटात असलात तरी प्रत्येकाचा स्टिकर वेगळा तपासायचा.