मुक्त व्यापाराची बाजू: सुरुवात पावाच्या भावापासून

जागतिकीकरणाची बाजू घेणारा माणूस म्हटला की आज बँकर किंवा बड्या कंपनीचा संचालक डोळ्यांसमोर येतो. ही बाजू पहिल्यांदा जोरात मांडली गेली ती मात्र जमीनदारांच्या विरोधात, आणि भांडण होते पावाच्या भावाचे.

नेपोलियनशी चाललेली युद्धे १८१५ मध्ये संपली. आता परदेशी गहू स्वस्तात येणार हे दिसताच ब्रिटिश संसदेने, म्हणजे बव्हंशी जमीनदारांच्याच सभेने, कायदा केला: देशात ‘क्वार्टर’भर (धान्याचे तेव्हाचे माप) गव्हाचा भाव ८० शिलिंगांवर जाईपर्यंत परदेशी गहू बाजारात येऊ द्यायचा नाही. जमीनदारांना मिळणारा जमिनीचा खंड टिकला, पाव महाग राहिला. त्यानंतर दोनच वर्षांनी इंग्रज अर्थशास्त्रज्ञ डेव्हिड रिकार्डोने आपला प्रसिद्ध हिशेब मांडला. गंमत म्हणजे शेअरबाजारात कमावून तो स्वतः तोवर जमीनदार झाला होता, आणि लिहीत होता जमीनदारांच्या हिताविरुद्ध.

हिशेब असा. ठरावीक कापड विणायला इंग्लंडमध्ये १०० माणसांचे वर्षभराचे श्रम लागतात, ठरावीक वाइनला १२०. पोर्तुगालमध्ये वाइनला ८० आणि कापडाला ९०. म्हणजे पोर्तुगाल दोन्हींत सरस. तरीही त्याने वाइनच करावी. ८० माणसांची वाइन देऊन, घरी विणायला ९० माणसे लागली असती ते कापड त्याला मिळते. इंग्लंडही १०० माणसांचे कापड देऊन १२० माणसांची वाइन घेतो. कशातच अव्वल नसलेल्या देशालाही व्यापारात जागा असते, हे यातून निघते. ॲडम स्मिथने १७७६ मध्ये श्रमविभागणी आणि बाजाराचा विस्तार यांची सांगड घातली होती. पण दुबळ्या देशाचे काय, याचे नेमके उत्तर रिकार्डोकडून आले.

सिद्धांताने कायदा बदलत नाही. त्यासाठी मँचेस्टरमध्ये १८३९ मध्ये परदेशी गहू अडवणाऱ्या या धान्य कायद्यांविरुद्ध लीग, म्हणजे संघटना, उभी राहिली. रिचर्ड कॉब्डेन आणि जॉन ब्राइट हे तिचे म्होरके, दोघेही कापडधंद्यातले. पुढच्याच वर्षी एका पेनीत देशभर टपाल जाऊ लागले आणि लीगने पत्रकांचा पाऊस पाडला. मताधिकारासाठी लढणाऱ्या चार्टिस्ट कामगारांना संशय होता: पाव स्वस्त झाला की गिरणीमालक मजुरीही कापतील. संशय बिनबुडाचा नव्हता, आणि तो पुढे कधी पुरता गेलाही नाही. १८४५ मध्ये आयर्लंडच्या बटाट्यावर रोग पडला, उपासमार दारात आली. १८४६ मध्ये पंतप्रधान रॉबर्ट पील यांनी स्वपक्षातल्या बहुसंख्य खासदारांचा विरोध पत्करून, विरोधकांच्या मतांवर कायदे रद्द केले. पाठोपाठ त्यांची सत्ता गेली.

१८६० मध्ये ब्रिटन आणि फ्रान्समध्ये करार झाला. त्यातले कलम महत्त्वाचे: तिसऱ्या कुठल्याही देशाला दिलेली जकातीची सवलत करारातल्या भागीदारालाही मिळणार. असे करार युरोपभर पसरले. समुद्राखालची तार, सुएझ कालवा, आगबोटी यांनी १९१४ पर्यंत जग एका बाजारात ओढले. त्यातला बराच भाग तोफांच्या धाकाने ओढला गेला, हेही खरे. चीनवर अफूसाठी लादलेल्या युद्धाला मुक्त व्यापार म्हणणे म्हणजे शब्दाची थट्टा. दोघांच्या राजीखुशीचा सौदा हा ज्या विचाराचा पाया, त्याच्या नावावर जबरदस्ती खपवली गेली. त्याची बदनामी आजही फिटलेली नाही.

दारे बंद केल्यावर काय होते याचा धडा १९३० मध्ये मिळाला. हजारावर अर्थतज्ज्ञांनी विनवणी करूनही अमेरिकेचे अध्यक्ष हूव्हर यांनी जबर आयातशुल्काच्या कायद्यावर सही केली. इतर देशांनी उलट जकाती लावल्या आणि काही वर्षांतच जागतिक व्यापाराचे मूल्य जेमतेम एक तृतीयांशावर आले. हे सगळे जकातीमुळे घडले नाही, मंदी आधीच सुरू होती आणि किमतीही कोसळत होत्या. पण सावरण्याची वाट जकातींनी अडवली. त्या आठवणीतूनच १९४७ मध्ये जिनिव्हात २३ देशांनी ‘गॅट’ हा जकाती उतरवण्याचा करार केला; १९९५ मध्ये त्याचा वारसा जागतिक व्यापार संघटनेकडे आला.

जकाती उतरल्या, पण माझ्या मते निम्मे श्रेय एका पत्र्याच्या पेटीचे. २६ एप्रिल १९५६ रोजी माल्कम मॅकलीन या ट्रकवाल्याने ५८ कंटेनर जहाजावर चढवून नेवार्कहून ह्यूस्टनला पाठवले. तोवर गोदीत एकेक पोते, एकेक खोका हातांनी उचलला जाई. जहाज समुद्रापेक्षा धक्क्यावरच खोळंबून राही, वाटेत चोऱ्या होत त्या वेगळ्याच. सुटा माल चढवायला टनाला पाच डॉलरांहून जास्त पडत, पेटीत तेच काम सोळा सेंटांच्या आसपास आले. एका वस्तूचे सुटे भाग चार देशांत बनवणे परवडू लागले ते यामुळे. गोदी कामगारांचे पिढीजात काम गेले तेही यामुळेच.

या बाजूचा सर्वांत वजनदार पुरावा आशियाचा. चीनने १९७८ पासून शेती आणि बाजार मोकळे केले, १९८० मध्ये शेन्झेन हे विशेष आर्थिक क्षेत्र उघडले. जागतिक बँकेच्या मोजणीनुसार १९९० मध्ये जगातली एक तृतीयांशाहून जास्त लोकसंख्या पराकोटीच्या दारिद्र्यात होती. २०१९ मध्ये सुमारे एक दशांश. मात्र चीन काय किंवा दक्षिण कोरिया काय, सरकारचा हात तिथे कधी सुटला नव्हता. म्हणून हा पुरावा जगाच्या बाजारात उतरण्याच्या बाजूने भक्कम आहे, सरकारने बाजूला व्हावे या मागणीच्या बाजूने तितका नाही.

हिशेबातली एक ओळ मात्र पहिल्यापासून उधार आहे. व्यापारातला फायदा तोट्यापेक्षा मोठा, म्हणून नुकसान झालेल्यांना भरपाई देऊनही उरते, असे सांगितले जाते. फायदा सर्व ग्राहकांत थोडा थोडा वाटला जातो, तोटा एका गावातल्या एका कारखान्यावर कोसळतो. अमेरिकेने १९६२ मध्ये अध्यक्ष केनेडींच्या काळात आयातीमुळे काम गेलेल्या कामगारांसाठी प्रशिक्षण आणि भत्त्याची तरतूद केली. तिची मुदत संपून जुलै २०२२ पासून नवे अर्ज मंजूर होणे थांबले. २०२५ मध्ये त्याच देशाने जवळपास साऱ्या जगावर पुन्हा जकाती लावल्या.