क्रिकेट स्टेडियमचे नामकरण व नामहक्क

क्रिकेट स्टेडियमला नाव देण्याचा अधिकार त्याच्या मालकाकडे, किंवा दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याने जागा ताब्यात असलेल्या संस्थेकडे असतो. ही संस्था कुठे राज्य क्रिकेट असोसिएशन, कुठे महानगरपालिका, तर कुठे खासगी क्लब असते. ठरावीक वर्षांसाठी मोबदला घेऊन हा अधिकार एखाद्या कंपनीला दिला, की त्यास नामहक्क म्हणतात. गौरवार्थ दिलेले नाव कायमचे राहावे अशी अपेक्षा असते. नामहक्काने आलेले नाव मात्र कराराच्या मुदतीइतकेच टिकते.

मैदानांची सर्वांत जुनी नावे जागेवरूनच पडलेली आहेत. कोल्हापूरकरांना हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही. राजर्षी शाहू महाराजांनी कुस्तीसाठी बांधलेले मैदान राजघराण्याच्या खास बागेच्या जागेवर उभे राहिले म्हणून ते खासबाग झाले. बाग केव्हाच गेली, तांबड्या मातीचा हौद आला, पण नाव बागेचेच राहिले. ब्रिस्बेनचे गॅबा हे वूलूनगॅबा या उपनगराच्या नावाचे तोंडी रूप आहे, आणि चेन्नईच्या स्टेडियमला एम. ए. चिदंबरम यांचे नाव असले तरी तिथले प्रेक्षक 'चेपॉक' असेच म्हणतात. कोलकात्याचे ईडन गार्डन्स हे नाव गव्हर्नर जनरल लॉर्ड ऑकलंड यांच्या ईडन भगिनींवरून आधी बागेला पडले आणि मग मैदानाकडे आले. लॉर्ड्सचा तर कोणत्याही उमरावाशी संबंध नाही. ते थॉमस लॉर्ड या मैदान चालवणाऱ्या गृहस्थाचे आडनाव आहे.

भारतात नंतरची बहुतेक नावे प्रशासक आणि राज्यकर्त्यांची आहेत, कारण स्टेडियमला जागा, परवानगी आणि पैसा लागतो, आणि तो मिळवून देणाऱ्याचे ऋण नावातून फेडले जाते. मुंबईच्या ब्रेबॉर्न स्टेडियमची पायाभरणी १९३६ साली झाली, तेव्हा लॉर्ड ब्रेबॉर्न मुंबई इलाख्याचे गव्हर्नर होते; स्टेडियम १९३७ मध्ये खुले झाले. पुढे सामन्यांच्या प्रेक्षक-जागांच्या वाटपावरून ब्रेबॉर्नची मालकी असलेला क्रिकेट क्लब ऑफ इंडिया आणि मुंबईची क्रिकेट असोसिएशन यांच्यात बिनसले, आणि असोसिएशनने जवळच स्वतःचे स्टेडियम उभारून त्याला आपले अध्यक्ष शेषराव वानखेडे यांचे नाव दिले. तिथे पहिली कसोटी जानेवारी १९७५ मध्ये झाली. नवी मुंबईतील डी. वाय. पाटील स्टेडियमचे नाव कोल्हापूर जिल्ह्यातील अंबपच्या सुपुत्राचे आहे. दिल्लीचे फिरोजशाह कोटला २०१९ मध्ये अरुण जेटली स्टेडियम झाले, तर अहमदाबादचे मोटेरा येथील सरदार पटेल स्टेडियम २०२१ मध्ये नरेंद्र मोदी स्टेडियम झाले.

खेळाडूंच्या वाट्याला बहुधा स्टँड येतो. वानखेडेवर विजय मर्चंट, सुनील गावसकर आणि सचिन तेंडुलकर यांच्या नावांचे स्टँड आहेत. ज्या ग्वाल्हेरला २०१० मध्ये सचिनने एकदिवसीय सामन्यात द्विशतक केले, ते स्टेडियम कॅप्टन रूपसिंग यांच्या नावाचे आहे; आणि रूपसिंग हॉकीपटू होते! वेस्ट इंडीजमध्ये व्हिव्हियन रिचर्ड्स, ब्रायन लारा आणि डॅरेन सॅमी यांच्या नावाची अख्खी स्टेडियम आहेत. कोल्हापूरच्या भाऊसाहेब निंबाळकरांनी १९४८ साली महाराष्ट्राकडून काठियावाडविरुद्ध नाबाद ४४३ धावा केल्या. एवढी मोठी खेळी ज्यांच्या नावावर आहे, तशा माणसांची नावे मैदानांवर अधिक दिसायला हवीत, असे प्रस्तुत लेखकाचे स्पष्ट मत आहे.

नामहक्काच्या करारात मुदत, रकमेचे हप्ते, प्रवेशद्वारावरील आणि छतावरील फलक, तिकिटावरील मजकूर, प्रक्षेपणातील उल्लेख आणि करार मोडल्यास नाव उतरवण्याची पद्धत हे विषय येतात. लंडनच्या ओव्हलला फॉस्टर्स, एएमपी, ब्रिट इन्शुरन्स आणि किया अशी नावे एकापाठोपाठ लागली. 'ओव्हल' हा शब्द मात्र प्रत्येक वेळी शेवटी राहिला. कराचीचे नॅशनल स्टेडियम २०२२ मध्ये एका बँकेशी झालेल्या कराराने नॅशनल बँक क्रिकेट अरेना झाले. साउथॅम्प्टनच्या रोझ बोलचे आधी एजिस बोल आणि २०२४ मध्ये युटिलिटा बोल झाले. संपूर्ण स्टेडियम न विकता एखादे टोक किंवा पॅव्हेलियन कंपनीच्या नावे करण्याचीही रीत आहे. वानखेडेचे 'टाटा एंड' हे तसे नाव असून, त्या टोकाकडून नवा गोलंदाज आला की समालोचकाला ते उच्चारावेच लागते.

महाराष्ट्रात या व्यवहाराचा सर्वांत बोलका अनुभव गहुंजे येथे आला. कोल्हापूरचे क्रिकेट ज्या महाराष्ट्र क्रिकेट असोसिएशनच्या अखत्यारीत येते, तिचेच हे पुण्याजवळचे स्टेडियम. २०१२ मध्ये ते सुब्रत रॉय सहारा स्टेडियम या नावाने खुले झाले. करार सुमारे २०० कोटी रुपयांचा होता. ठरलेले पैसे न मिळाल्याचे सांगत असोसिएशनने २०१३ मध्ये नाव झाकले, प्रकरण न्यायालयात गेले आणि अखेर स्टेडियमला असोसिएशनचेच नाव लागले. बांधकामाच्या कर्जाची फेड प्रायोजकाच्या हप्त्यावर अवलंबून ठेवली, तर हप्ता थांबताच फलकाबरोबर जमाखर्चही कोलमडतो, हे तेव्हा राज्यातील प्रत्येक जिल्हा संघटनेने जवळून पाहिले.

विकत घेतलेले नाव सर्वत्र चालतेच असेही नाही. आंतरराष्ट्रीय क्रिकेट परिषदेच्या स्पर्धांत परिषदेचे स्वतःचे प्रायोजक असल्याने २०१९ च्या विश्वचषकात साउथॅम्प्टनचे मैदान 'हॅम्पशायर बोल' आणि लंडनचे केवळ 'ओव्हल' असे नोंदले गेले.

कोल्हापुरात प्रायोजकाचे नाव मैदानापेक्षा चषकाला लागते. राजर्षी शाहू स्टेडियम हे मुख्यतः फुटबॉलचे असून पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल या तालमींचे संघ तिथे खेळतात. देणगीदार बदलला की स्पर्धेचे आणि चषकाचे नाव बदलते, कमानीवरचा कापडी फलक बदलतो, हस्तपत्रिकेवरचा फोटोही बदलतो. पण गल्लीतल्या कट्ट्यावर विचारणा होते ती 'आज शाहू मैदानावर मॅच कुणाची?' अशीच.