दोरा निघाला तर शतावरी

गेल्या हिवाळ्यात घरी बाळंतिणीच्या लाडवांची तयारी चालली होती. खारीक, खोबरं, गोडंबी, डिंक असं सगळं ताटांत मांडलेलं, आणि एका पुडीत मी तालुक्याच्या बाजारातून आणलेली अर्धा पाव पांढरी मुसळी, म्हणजे ताकदीसाठी खातात ती वाळवलेली मुळं. मोठ्या आईनं त्यातली एक कांडी उचलून मोडली. मोडली खरी, पण दोन तुकडे सुटेनात. मधे एक चिवट दोरा लोंबत राहिला. "थे मुसयी नोय रे बापू, शतावरी व्हय," ती म्हणाली. "किती मोजले?" मी आकडा सांगितला नाही.

शेतात उभ्या असताना या दोघींची गफलत डोळे मिटूनही होणार नाही. शतावरी काटेरी वेल आहे, सुईसारखी बारीक हिरवळ, कुंपणाच्या आधारानं चढणारी आणि वर्षानुवर्षं जगणारी. मुसळीची पानं लांबट, जमिनीलगत झुबक्यानं पसरणारी. पावसाळ्यात मधून पांढऱ्या फुलांचा तुरा येतो आणि दिवाळीच्या आगेमागे वरचं सगळं वाळून नाहीसं होतं. जमिनीखाली मात्र दोघींनाही मुळ्यांचे झुपकेच असतात. वनस्पतीशास्त्रात दोघींचं कूळही आता एकच धरतात. सोलून वाळवल्या की दोन्हींच्या पांढुरक्या कांड्या होतात, आणि घोटाळा तिथून सुरू होतो. मुसळीचा भाव शतावरीपेक्षा कितीतरी जास्त, तेव्हा घोटाळा नेहमी एकाच दिशेनं होतो. शतावरी म्हणून मुसळी मिळाल्याचं मी तरी ऐकलेलं नाही.

मुसळी महाग का, हे सोलणीला एक दिवस बसल्याशिवाय कळत नाही. पानपिंपळीच्या मळ्यांसाठी माहीत असलेल्या आमच्या अमरावती जिल्ह्यातल्या अंजनगाव सुर्जीच्या पट्ट्यात हे पीकही होतं. पावसाच्या तोंडावर गादीवाफ्यांवर बेणं लावायचं. पानं वाळली तरी मुळ्या लगेच काढायच्या नाहीत. साल तपकिरी होऊन पक्की होईपर्यंत त्या मातीतच ठेवायच्या. थंडीत खणून काढल्या की बोटाएवढ्या मुळ्यांचा घोस हाती येतो. तो धुवायचा आणि ओला असतानाच एकेक मूळ चाकूनं खरवडायचं. बाया ओळीनं बसतात, हात चिकटतात, आणि संध्याकाळी ढीग पाहिला तर एवढुसा. पाचेक किलो ओल्या मुसळीची वाळून जेमतेम किलोभर होते. शतावरीचं तसं नाही. मुळ्या हातभर लांब, एका वेलाखाली ढिगानं. उकळत्या पाण्यातून काढल्या की साल सुटते आणि मधली शीर ओढून काढता येते. मुसळीत अशी शीर नसतेच.

म्हणून पहिली पारख मोडून पाहण्याची. मुसळी कटकन तुटते, आत एकसारखी पांढरी दिसते. शतावरीत दोरा निघतो. तो आधीच काढलेला असेल तर कांडीवर लांबट खोल सुरकुत्या असतात आणि रंग पिवळसर, थोडा काचेसारखा. दुसरी पारख जिभेची. मुसळी चावली की बुळबुळीत होऊन दाताला चिकटते, चव जवळजवळ नाहीच. शतावरी आधी गोडसर लागते आणि मागून हलका कडूपणा येतो. भुकटीत यातलं काहीच कळत नाही, म्हणून मी भुकटी घेत नाही. अख्खं मूळ घ्यावं आणि घरी कुटावं.

नावानंही गोंधळात भर घातली आहे. उत्तरेकडच्या बाजारात 'सफेद मुसली' म्हणून जे विकलं जातं, त्यात शतावरीच्याच एका बहिणीची मुळं असतात. तिथला व्यापारी त्याला खोटं मानत नाही. आपल्याकडच्या पांढऱ्या मुसळीच्या शास्त्रीय नावात मात्र चक्क मुंबईचं बोरीवली आहे. काळी मुसळी आणखी वेगळी, तिचा या दोघींशी संबंध नाही.

आता कामाचं. आयुर्वेदात दोन्ही थंड, जड आणि बळ देणाऱ्या मानतात, पण घरात त्यांच्या जागा ठरलेल्या आहेत. शतावरी बाळंतिणीची: चमचाभर चूर्ण दुधात उकळून, नाहीतर बाजारातला शतावरी कल्प. तिनं दूध वाढतं ही पिढ्यांची समजूत. तपासण्या झाल्यात त्या लहान, आणि निकाल एकसारखे नाहीत. कल्पात साखरच भरपूर असते, त्यामुळे मधुमेह असणाऱ्यानं डबा वाचून घ्यावा. स्तनाच्या गाठीसारखा संप्रेरकांशी जोडलेला आजार असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय शतावरी घेऊ नये. मुसळी थंडीतली, अशक्तपणातून उठलेल्या माणसाची: तुपावर हलकी परतून लाडवात किंवा दुधात. बाजारात तिला पुरुषांच्या ताकदीचं औषध करून टाकलंय आणि डब्यांवर घोड्यांची चित्रं छापलीत. त्यात मला रस नाही. भूक मंद असेल तर मात्र मुसळी पोटात दगडासारखी बसते, एवढं अनुभवानं सांगतो.

दोघींचा सगळ्यात स्वस्त आणि चवदार भाग मुळांत नाहीच, तो वर, कोवळ्या पानाकोंबांत आहे. पावसाळ्यात मेळघाटाच्या कडेच्या बाजारांत रानमुसळीच्या कोवळ्या पानांच्या जुड्या येतात. बारीक चिरून, कांदा-मिरची आणि भिजवलेली चण्याची डाळ घालून केलेली ती भाजी ज्वारीच्या भाकरीशी खावी. शतावरीचे कोवळे कोंबही तसेच परततात. मोठ्या हॉटेलात अस्परॅगस म्हणून ताटात येतं, ते याच कोंबांचं गोरं भावंड. पानं खुडली तर मूळ जमिनीत राहतं. बी पडायच्या आधी मूळच खणलं तर पुढच्या वर्षी त्या जागी काही उगवत नाही.

आमच्या पुडीचं काय झालं? मोठ्या आईनं ती दोन दिवस उन्हात टाकली, दोरे काढले, खलबत्त्यात कुटून वस्त्रगाळ केली आणि रोज रात्री वहिनीला दुधात दिली. लाडवांत मुसळी पडलीच नाही, आणि खाणाऱ्या कुणाला ते कळलंही नाही.