कंबर दुखते, पण कोणत्या बाजूला वाकल्यावर?

आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये सकाळी सहाला योगाचा वर्ग भरतो. पश्चिमोत्तानासन म्हटलं की सगळ्या पाठी एकदम पुढे वाकतात. पहिल्या रांगेतल्या काकू पासष्टीच्या. हाडं ठिसूळ झाल्याचं त्यांच्या तपासणीत निघालंय. मागे बसणाऱ्या काकांचे पाय दहा मिनिटं चाललं की भरून येतात, कुठेतरी टेकावंच लागतं. कोपऱ्यातला मुलगा तिशीतला, त्याची मणक्यांमधली गादी सरकलेली. नाव नोंदवताना तिघांनी कारण एकच सांगितलं होतं, कंबरदुखी. म्हणून आसनंही तिघांना तीच. मला काळजी वाटते ती याची.

आधी गादीचं बघू. दोन मणक्यांमधल्या या चकतीच्या आत पाणीदार, लवचीक गर असतो आणि भोवती चिवट तंतूंची कडी. पाठ गोल करून पुढे वाकलं की मणक्यांच्या पुढच्या कडा जवळ येतात आणि गर मागे रेटला जातो. नसा असतात त्या मागेच. कडी तिथे फाटलेली असेल तर गर बाहेर येऊन नस दाबतो, आणि कळ कुल्ल्यातून पोटरीपर्यंत उतरते. कंबरेच्या सगळ्यात खालच्या दोन गाद्यांना हा त्रास जास्त होतो.

यात वेळेचाही भाग आहे आणि योगवर्गात त्याची चर्चा मला फारशी ऐकू येत नाही. रात्री आडवं झालं की गाद्यांवरचा भार उतरतो, त्या पाणी शोषून फुगतात. सकाळी आपली उंची एखाद-दोन सेंटिमीटर जास्त भरते ती त्यामुळेच. पण फुगलेली गादी ताठर असते. ब्रिटिश संशोधकांनी 1987 साली मांडलेल्या हिशेबानुसार, पहाटे पुढे वाकताना गादीवर येणारा ताण दिवसाच्या उत्तरार्धापेक्षा सुमारे 300 टक्क्यांनी जास्त असतो. पुढे 1998 साली अमेरिकेत जुनाट कंबरदुखीच्या रुग्णांना, उठल्यावर पहिले दोन तास वाकणं टाळा, एवढंच शिकवलं, तरी त्यांचं दुखणं कमी झालं. गादीचा त्रास असलेल्याने पहाटे उठल्याउठल्या उत्तानासनासारखी पुढे वाकायची आसनं करू नयेत, असं मी ठामपणे सांगेन. तीच आसनं संध्याकाळी केली तर धोका कमी.

त्या मुलाला मागे वाकणं कदाचित मानवेल. न्यूझीलंडमध्ये 1956 साली रॉबिन मॅकेंझी या फिजिओथेरपिस्टकडे पाय दुखणारा एक रुग्ण आला. तपासणीच्या टेबलाची डोक्याकडची बाजू वर उचललेली राहिली होती, आणि तो तसाच पालथा झोपला. पाठ मागे वाकलेली, जवळजवळ आपलं भुजंगासन. पाच मिनिटांनी मॅकेंझी घाबरून बघायला गेले, तर पायातली कळ थांबली होती. त्यातून पुढे एक खूण हाती आली. कळ पायातून वर सरकत कंबरेत गोळा होत असेल, तर ती हालचाल तुमच्यासाठी बरी. कंबरेतून खाली पावलाकडे उतरत असेल, तर तिथेच थांबायचं.

काकांचं याच्या उलट. वयानुसार मणक्यांची झीज होते आणि मज्जारज्जूच्या नळीची जागा अरुंद होते. मागे वाकलं की ती आणखी आवळते, पुढे झुकलं की मोकळी होते. म्हणून अशी माणसं रिकाम्या हाताने चालताना थकतात, आणि भाजीची हातगाडी ढकलत मात्र लांबवर जातात. मुलाला आराम देणारं भुजंगासन काकांचे पाय जड करू शकतं. ज्यांचा मणका पुढे सरकलेला असेल, त्यांनाही धनुरासन, चक्रासन ही मागे वाकायची आसनं नकोच.

सगळ्यात जास्त जीव माझा काकूंसाठी तुटतो, कारण त्यांना वाकताना काहीच दुखत नाही. ठिसूळ मणक्याचा पुढचा भाग जाळीदार हाडाचा असतो. पाठ गोल केली की सगळा भार तिथे येतो आणि मणका पाचरीसारखा चेपतो. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये डॉ. मेहरशीद सिनाकी यांनी 1984 साली अशा 59 स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध केला. फक्त पुढे वाकण्याचे व्यायाम करणाऱ्या 9 जणींपैकी 8 जणींचे मणके नव्याने चेपले. पाठ मागे ताणणाऱ्या 25 जणींपैकी फक्त 4 जणींचे. अभ्यास छोटा आहे, हे मान्य. पण कोणताच व्यायाम न करणाऱ्यांपेक्षाही पुढे वाकणाऱ्यांचं नुकसान जास्त झालं, हे विसरता येत नाही. डॉ. सिनाकींनीच 2013 साली योगात पुढे वाकल्यावर मणका चेपलेल्या स्त्रियांची उदाहरणंही नोंदवली.

मानेला झीज असेल तर शीर्षासन आणि हलासन सोडावं. शीर्षासनात शरीराच्या वजनाचा चाळीस टक्क्यांहून अधिक भार डोक्यावर येऊ शकतो. आणि लघवी-शौचावरचा ताबा सुटणं, मांड्यांच्या मधला भाग बधिर होणं, पाऊल लुळं पडणं, यांपैकी काही झालं तर सतरंजी गुंडाळून त्याच दिवशी हॉस्पिटल गाठावं. कंबरदुखीबरोबर ताप येत असेल, वजन उतरत असेल, तर मणक्याचा क्षयरोग असू शकतो. आपल्याकडे तो आजही आढळतो.

यावर योग सोडणं हे उत्तर नाही. पुण्यात बी. के. एस. अय्यंगार यांनी दोर, पट्टे, लाकडी ठोकळे, खुर्च्या आसनांच्या मदतीला आणल्या, म्हणजे शरीराला आसनात कोंबावं लागत नाही, आसनच शरीराच्या मापाचं होतं. काकूंना आम्ही आता भिंत दिली आहे. वर्ग पश्चिमोत्तानासनात जातो तेव्हा त्या भिंतीसमोर उभ्या राहतात, तळवे कमरेच्या उंचीवर टेकवतात आणि पाठ पाटासारखी सरळ ठेवून खुब्यातून झुकतात. मग सतरंजीवर पालथ्या होऊन आधी एक पाय उचलतात, नंतर दुसरा. अर्धशलभासन, डॉक्टरांना विचारून, पाच श्वासांचं.