पॅरिश प्रीस्टची निवृत्ती: राजीनाम्याचं पत्र आणि नंतर लागणारे अधिकार

पंच्याहत्तरी गाठली की पॅरिश प्रीस्टचं, म्हणजे कॅथोलिक धर्मग्रामाच्या (पॅरिशच्या) प्रमुख धर्मगुरूचं, पद आपोआप सुटतं, असं बरेच भाविक धरून चालतात. तसं नाही. 1983 च्या कॅनन कायद्यातील, म्हणजे कॅथोलिक चर्चच्या कायदेसंहितेतील, 538 व्या नियमानुसार, 75 वर्षं पूर्ण झालेल्या फादरांनी धर्मप्रांताच्या (अनेक धर्मग्रामांच्या विभागाच्या) बिशपांकडे राजीनामा द्यावा, अशी त्यांना विनंती आहे. फादरांची प्रकृती आणि धर्मग्रामाची स्थिती पाहून बिशप तो स्वीकारतात किंवा निर्णय लांबणीवर टाकतात. तोपर्यंत फादर पूर्ण अधिकारानिशी पदावर असतात. पंच्याहत्तरीआधीही योग्य कारणासाठी, उदाहरणार्थ आजारपणामुळे, राजीनामा देता येतो. तेव्हा वैद्यकीय अहवाल जोडलेला बरा. संन्यस्त संघाच्या (व्रतं घेऊन एकत्र राहणाऱ्यांच्या संघाच्या) फादरांनी मात्र पहिल्यांदा आपल्या वरिष्ठांशी बोलावं.

कायद्याने ठरवून दिलेला फॉर्म नाही. दोन साक्षीदारांसमोर तोंडी दिलेला राजीनामाही चालतो, पण माझं ठाम मत आहे की तो लेखीच द्यावा. पत्रात पद, कारण, तारीख आणि सही हवी. 3 महिन्यांत स्वीकारला गेला नाही तर अशा राजीनाम्याला काही बळ उरत नाही, म्हणून उत्तर आलं नाही तर लेखी विचारणा करावी. स्वीकृतीपूर्वी तो मागे घेता येतो. अन्यायाने धाक घालून लिहवून घेतलेला राजीनामा मुळातच रद्द ठरतो.

निवासाची आणि निर्वाहाची तजवीज करणं बिशपांचं कर्तव्य आहे. हा उपकार नव्हे, त्याच 538 व्या नियमात ते लिहिलेलं आहे. म्हणून कुठे राहायला आवडेल हे संकोच न करता पत्रातच लिहावं. पुढे कोणती सेवा झेपेल तेही लिहावं: रविवारची मिस्सा (चर्चमधली मुख्य उपासना), रुग्णांच्या भेटी, पापनिवेदन ऐकणं. काय झेपणार नाही, हेही तितक्याच स्पष्टपणे. मदतीला बोलावणारे पुष्कळ असतात आणि आयुष्यभर हाकेला धावलेल्या माणसाला नकार देणं फार जड जातं.

सर्वांत जपायची गोष्ट म्हणजे अधिकार. पद गेलं तरी गुरुपद जात नाही. मिस्सा अर्पण करता येते. पण पापनिवेदन ऐकून क्षमा देण्याचा जो अधिकार पदामुळे मिळाला होता, तो पदाबरोबर संपतो. बिशपांकडून या अधिकाराचं लेखी पत्र निवृत्तीच्या आधीच मागून घ्यावं. मरणासन्न व्यक्तीला मात्र कोणताही धर्मगुरू क्षमा देऊ शकतो.

लग्नाच्या बाबतीत चूक फार महाग पडते. भाचीचं किंवा जुन्या कुटुंबातल्या मुलाचं लग्न लावायला निवृत्त फादरांना आग्रहाने बोलावतात. अशा वेळी त्या धर्मग्रामाच्या पॅरिश प्रीस्टनी किंवा बिशपांनी त्या विशिष्ट लग्नासाठी त्यांना अधिकार दिलेला असावा लागतो. नाहीतर ते लग्न सर्वसाधारणपणे चर्चच्या दृष्टीने अवैध ठरतं, मग आपले जुने चर्च का असेना. तोंडी दिलेला अधिकारही चालतो, तरी दोन ओळी लिहून घ्याव्यात.

पदभार सोपवताना बाप्तिस्मा, विवाह आणि मृत्यूच्या नोंदवह्या, हिशेब, मालमत्तेची यादी आणि किल्ल्या नव्या फादरांच्या हाती सही घेऊन द्याव्यात. ज्यांच्यासाठी दान स्वीकारलं, पण ज्या अजून अर्पण झाल्या नाहीत, अशा मिस्सांची वही त्यांच्यासोबत बसून तपासावी आणि कोणती मिस्सा कोण अर्पण करणार ते तिथेच लिहून ठेवावं.