सेट आणि ट्रिप्स: अठ्ठ्या तीनच, पण डाव दोन

सोलापुरात दिवाळीत पत्ते पिसले गेले की डाव बहुतेक तीन पत्तीचाच असतो. टेबलावर मराठी, कन्नड, तेलुगू तिन्ही भाषा चालतात, पण ‘ट्रेल’ (तीन एकसारखे पत्ते) हा शब्द सगळ्यांचा एकच. हातात तीन अठ्ठ्या आल्या की विषय संपला, ही सवय तिथे लागते आणि तिथे ती बरोबरही आहे. तीन पत्तीत ट्रेल सगळ्यांत वरची, आणि सरासरी ४२५ हातांत एकदाच येते. तीच सवय घेऊन नो-लिमिट होल्डेम या पोकरच्या प्रकाराला बसलेला माणूस मात्र चिप्स घालवतो. होल्डेममध्ये प्रत्येकाच्या हातात दोन पत्ते असतात आणि सगळ्यांसाठी पाच टेबलावर (बोर्डावर) उघडतात: आधी तीन (फ्लॉप), मग चौथे (टर्न), शेवटी पाचवे (रिव्हर). या सात पत्त्यांतून पाच निवडायचे असल्याने रिव्हरपर्यंत थांबलात तर साधारण २१ डावांत एकदा तिघे जुळतातच, आणि त्यांच्या वर स्ट्रेट (सलग पाच), फ्लश (एकाच चिन्हाचे पाच), फुल हाउस (तिघे आणि एक जोडी), चार एकसारखे आणि स्ट्रेट फ्लश (एकाच चिन्हाचे सलग पाच) असे पाच हात बसलेले असतात. (फ्लश स्ट्रेटच्या वर, हेही ध्यानात ठेवा. तीन पत्तीत सिक्वेन्स कलरच्या वर असते, म्हणून नवखे इथेही अडखळतात.)

खरा घोळ याच्याही पुढचा आहे. होल्डेममध्ये तिघे दोन रीतींनी जुळतात. हातात अठ्ठीची जोडी आणि बोर्डावर एक अठ्ठी, हा सेट. हातात एक अठ्ठी आणि बोर्डावर अठ्ठीची जोडी, या ट्रिप्स. शोडाउनला, म्हणजे शेवटी पत्ते उघडताना, दोन्हींचा दर्जा एकच. पण जोडी कुठे आहे, तुमच्या मुठीत की सगळ्यांच्या डोळ्यांसमोर, यावर पॉट (मधोमध जमलेले पॉइंट) किती फुगवायचा आणि कुठे थांबायचे हे ठरते.

पुढची उदाहरणे १-२ ब्लाइंडची (दोघांना पत्ते पाहण्याआधीच १ आणि २ लावावे लागतात), प्रत्येकाकडे २०० पॉइंट धरून. पॉइंट म्हणजे पॉइंटच. चिप्स नसतील तर चिंचोके चालतील. पैसे लावून ऑनलाइन खेळण्यावर २०२५ च्या केंद्रीय कायद्याने बंदी आहे, आणि हे गणित शिकायला पैसे लागतही नाहीत.

आधी सेट. हातात जोडी असेल तर फ्लॉपवर सेट किंवा त्याहून चांगले काही मिळण्याची शक्यता ११.८ टक्के, म्हणजे साडेआठ वेळांत एकदा. म्हणून फ्लॉपआधी लहान जोडीवर समोरच्याचा रेज (वाढवलेला आकडा) कॉल करताना, म्हणजे तेवढेच लावताना, एक हिशोब करायचा: दोघांपैकी ज्याच्याकडे कमी पॉइंट आहेत, त्याच्यापुढे कॉलच्या निदान १५ ते २० पट शिल्लक आहेत का? रेज ८ चा असेल तर १२० ते १६० हवेत. साडेआठ वेळांत एकदा लागतो, म्हणून साडेसात पट पुरायला हवी असे वाटते, पण सेट लागल्यावर समोरचा दर वेळी सगळे देत नाही, आणि कधी सेट लागूनही आपण हरतो. समोर ६० च उरले असतील तर पंजीची जोडी टाकून द्यावी.

आता समोरच्याने ८ केले, तुम्ही बटणावरून (फ्लॉपनंतर सगळ्यांत शेवटी बोलणाऱ्या जागेवरून) दोन अठ्ठ्यांनी कॉल केले, दोन्ही ब्लाइंडवाल्यांनी पत्ते टाकले (फोल्ड). पॉट १९. फ्लॉप: बदाम राजा, किलवर अठ्ठी, बदाम पंजी. ही झाकली मूठ सव्वा लाखाची. समोरच्याकडे एक्का-राजा असेल तर त्याला बोर्डावर भिण्यासारखे काही दिसत नाही. तो १२ लावतो.

बरेच जण इथे नुसते कॉल करतात, ‘पळून जाईल’ म्हणून. हिशोब पाहा. कॉल केला तर पॉट ४३, टर्नला २५ चा बेट (लावलेले पॉइंट) आणि कॉल धरला तर ९३, आणि रिव्हरला प्रत्येकाकडे १५५ शिल्लक. ९३ च्या पॉटमध्ये १५५ लावले की साधा खेळाडूही दचकतो. उलट फ्लॉपवरच ३६ केले तर पॉट ९१ आणि मागे १५६. टर्नला ६० लावले आणि कॉल आला की पॉट २११ आणि मागे फक्त ९६. एवढे तर राजाची जोडी धरून बसलेला माणूस देऊनच टाकतो. शिवाय दोन बदाम पडलेले आहेत. बदामाच्या आशेवर बसलेल्याला स्वस्तात पुढचे पान का दाखवायचे? छोट्या टेबलावर लोक फोल्डपेक्षा कॉल जास्त करतात, म्हणून सेट लपवणे तिथे जवळजवळ नेहमीच महागात पडते.

आता ट्रिप्स. जोडी नसलेल्या दोन पत्त्यांना फ्लॉपवर ट्रिप्स मिळण्याची शक्यता १.३५ टक्के, ७४ वेळांत एकदा. म्हणून एक्का-अठ्ठी ‘ट्रिप्स लागतील’ म्हणून खेळणे हा विचारच चुकीचा. त्या लागल्या तर लागल्या. फ्लॉप अठ्ठी-अठ्ठी-राजा असा आला की समोरच्या एक्का-राजावाल्यालाही त्या दोन अठ्ठ्या दिसतात. तो एक-दोन बेट देतो, तिसऱ्याला थबकतो. म्हणून एक्का-अठ्ठी असेल तर अर्ध्या पॉटच्या आसपासचे बेट सलग लावत राहावे. एकदम मोठा रेज मारला की हरणारे हात फोल्ड होतात आणि जिंकणारेच उरतात.

ट्रिप्समध्ये खरे दुखणे किकरचे, म्हणजे हातातल्या दुसऱ्या पानाचे. दोन अठ्ठ्या बोर्डावर, एक तुमच्याकडे, म्हणजे पॅकमध्ये एकच उरली. कोणतेही दोन पत्ते धरलेल्या एका माणसाकडे ती असण्याची शक्यता ४ टक्क्यांच्या थोडी वर. तुमच्यासमोर पाच जण फ्लॉपवर असतील तर २१ टक्के. आणि टर्नला कोणी मोठा रेज केला की हे आकडेही मागे पडतात. छोट्या टेबलावर जोडी पडलेल्या बोर्डावर मोठा रेज करणारा क्वचितच बनाव करत असतो.

समजा तुमच्याकडे अठ्ठी-छक्की, बोर्ड अठ्ठी-अठ्ठी-राजा-गुलाम. कागदावर फुल हाउस किंवा चार अठ्ठ्या करणारी १० पाने दिसतात: एक अठ्ठी, तीन छक्क्या, तीन राजे, तीन गुलाम. पण समोर एक्का-अठ्ठी असेल तर? शेवटची अठ्ठी त्याच्याच हातात. राजा किंवा गुलाम आला तर दोघांचे फुल हाउस एकसारखे, पॉट अर्धा-अर्धा. जिंकवणाऱ्या उरल्या तीन छक्क्या, ४४ पानांत ३. इथे फोल्ड करायला जड जाते, कारण हातात ‘ट्रेल’ आहे असे मन सांगत असते.

सेटला हीच १० पाने किती वेगळी, तेही पाहा. तोच राजा-अठ्ठी-पंजी बोर्ड, टर्नला बदाम गुलाम, आणि समोरच्याचा फ्लश झाल्याची तुमची खात्री आहे. तीन राजे, तीन पंज्या, तीन गुलाम, एक अठ्ठी. त्यातले एखादे त्याच्या हातात नसेल तर ही सगळी पाने तुम्हालाच जिंकवतात. ४६ पैकी १०, म्हणजे २१.७ टक्के. पॉट १०० असेल तर ३८ पर्यंतचा बेट नुसत्या पॉटच्या हिशोबाने कॉल होतो. त्याहून मोठा असेल तर फुल हाउस लागल्यावर रिव्हरला त्याच्याकडून आणखी किती निघेल ते पाहायचे. फ्लॉपपासून मोजले तर रिव्हरपर्यंत सेट तीनपैकी एकदा सुधारतो. फ्लॉपवर घाबरून टाकू नये ते यासाठीच.

तिघेही बोर्डावर पडले तर तो ना सेट ना ट्रिप्स. ते सगळ्यांचेच, तिथे हातातली जोडी किंवा मोठे पान बोलते.

आणि ज्या डावात पूर्ण २०० पॉइंट हलतात, तिथे ही दोन नावे समोरासमोर येतात. तुमचा अठ्ठीचा सेट, बोर्ड राजा-अठ्ठी-पंजी, टर्नला दुसरा राजा. समोर एक्का-राजावाला आता ट्रिप्स घेऊन बसला आहे, तोही सगळ्यांत मोठ्या किकरसकट, आणि तो थांबणार नाही. तुमचे मात्र फुल हाउस झाले आहे. तुम्हाला मागे टाकणारे हात मोजकेच: राजाची जोडी, राजा-अठ्ठी, राजा-पंजी. अशा वेळी चेक करून (काहीही न लावता) वाट पाहू नका. पॉटच्या दोन-तृतीयांश लावा, आणि त्याने रेज केला तर उरलेले सगळे पुढे सरकवा.